जिल्ह्यातला सगळ्यात गार फ्रिज

जीवराम फेगडे यांना तीन अपत्यं होती. दोन मुली, एक लग्न होऊन भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेली, दुसरी भडगावला. तिसरा फ्रिज. तो लग्न होऊन कुठे जाण्यातला नव्हता, म्हणून असेल, पण जीवरामभाऊंचा त्याच्यावर जरा जास्तच जीव होता.

फ्रिज सरकारी होता. सातपुड्याच्या पायथ्याशी सागपाणी नावाचं गाव, त्या गावात सरकारी दवाखाना, आणि त्या दवाखान्यात औषधं देणारे जीवरामभाऊ. हुद्दा औषधनिर्माता, पण गावाच्या तोंडी कंपाउंडर. सत्त्याऐंशी साली लसीकरणाची मोठी मोहीम निघाली, तेव्हा जीपमधून हा फ्रिज आला. घरातल्यासारखा उभा नव्हे, धान्याच्या कोठीसारखा आडवा, वरून झाकण उचलायचा. त्याच्या भिंतींमध्ये बर्फ धरलेला असे, त्यामुळे वीज गेली तरी आतला गारवा तासन्‌तास टिके. आणि वीज तर तिथे पाहुण्यासारखी येई आणि चहा न पिताच परत जाई.

जीवरामभाऊ मूळचे सावद्याचे. वडील चुडामण फेगडे यांची केळीची बाग. परंतु जीवरामभाऊंना ऊन सोसत नसे. उन्हाला कंटाळून शेती सोडलेला खानदेशातला बहुधा हा एकटाच माणूस. बाकीच्यांना कंटाळा येत नसे असं नाही, पण सांगायला लाज वाटे. जीवरामभाऊंनी मात्र वडिलांना तोंडावर सांगितलं होतं, "आबा, मले सावलीतली नोकरी पाहिजे." वडिलांनी कपाळावर हात मारला आणि मुलाला फार्मसी शिकायला पाठवलं. नियतीला विनोदाची आवड असल्यामुळे त्यांना नोकरी मिळाली ती सागपाणीला. तिथे मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकतो आणि दवाखान्याच्या पत्र्यावर टाकलेला पापड उलटायला कुणाला जावं लागत नाही.

अशा माणसाच्या ताब्यात सरकारने बर्फाच्या भिंती दिल्या. पुढचं सगळं त्यातून झालं.

सकाळी दवाखान्याचं कुलूप काढलं की जीवरामभाऊ आधी फ्रिजचं झाकण उचलत, आत तोंड घालत, डोळे मिटून दोन श्वास घेत आणि मग थर्मामीटर पाहत. हे देवपूजेच्या आधी. यशोदाबाई, त्यांची बायको, फ्रिजला 'तुमचा गारठू' म्हणायची. "काय म्हणतो आज तुमचा गारठू? नाश्ता झाला का त्याचा?" जीवरामभाऊ गंभीरपणे सांगत, "चार डिग्री." जणू मुलाला पहिला नंबर मिळाला होता.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. लसीला काय लागतं? थंडी. किती लागते? मिळेल तितकी. फ्रिजबरोबर आलेल्या परिपत्रकात तपमान दोन ते आठ अंश ठेवा असं लिहिलं होतं आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, की ट्रिपल आणि धनुर्वाताची लस गोठू देऊ नका. ते जीवरामभाऊंनी वाचलं होतं. वाचून ते खूप हसले होते.

"हे परिपत्रक पुण्याच्या माणसानं लिहिलेलं दिसतं," ते नर्स कमलबाईंना म्हणाले. "आपल्याकडे मे महिन्यात जीव गोठत नाही, तर लस काय गोठणार? आणि गोठली तरी काय बिघडलं? पोलिओची लस गोठवूनच ठेवतात ना? मग ही काय तिची सावत्र बहीण आहे?"

कमलबाई हो म्हणाल्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी सात मेडिकल ऑफिसर आणि एक जीवरामभाऊ पाहिले होते. मेडिकल ऑफिसर बदलून जातात, जीवरामभाऊ बदलत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग जीवरामभाऊंनी सुधारणा सुरू केल्या. फ्रिजमध्ये लस ठेवायला तारेच्या दोन टोपल्या आल्या होत्या. त्यांच्यामुळे कुप्या तळापासून उंचावर राहत. भाऊंना वाटलं, टोपल्यांमुळे थंडी अडते. त्यांनी त्या काढून घरी नेल्या. एकीत यशोदाबाई कांदे ठेवू लागली, दुसरीत लसूण आणि आलं. कुप्या थेट तळावर, बर्फाच्या भिंतीला टेकून मांडल्या. थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. थर्मामीटर मात्र झाकणाजवळ दोरीला टांगलेला होता, पाहायला बरा पडे म्हणून. झाकणाजवळ तो इमानदारीत चार दाखवी आणि जीवरामभाऊ रजिस्टरमध्ये दिवसातून दोनदा इमानदारीत चार लिहीत.

पाड्यांवर लस न्यायची ती निळ्या पेटीतून. तिच्या चारी बाजूंना बर्फाचे चपटे डबे बसवायचे. नियम असा, की डबे शेजारच्या छोट्या फ्रीझरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं पाहिजे, तेव्हाच पेटीत घालायचे. हा नियम तर भाऊंना साफ वेडेपणाचा वाटला. "म्हणजे डोंगर चढण्याआधी बर्फ मुद्दाम वितळवायचा? कमलबाई, तुम्ही पाड्यावर निघताना चपला फाडून निघता का?"

एकदा चारोळीपाड्यावरून परतल्यावर कमलबाई म्हणाल्या, "भाऊ, आज बाटलीत खडा झाला होता. मुठीत धरून पातळ केली तेव्हा सुईत आली."

जीवरामभाऊंचा चेहरा उजळला. "चार कोस चढून गेल्यावर? खडा? बघा! याला म्हणतात शीतसाखळी!"

आणि वरच्या कार्यालयाने त्यांना एक्क्याण्णव साली उत्कृष्ट शीतसाखळीची ढाल दिली. तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर पाहिलं, फ्रिजमध्ये हात घातला, "बाप रे!" म्हणून बाहेर काढला आणि ढाल देऊन टाकली. ढाल फिरती होती. पण पुढच्या वर्षीही ती फिरून सागपाणीलाच आली, आणि मग तिला तिथलीच सवय झाली.

चारोळीपाड्याची गोष्ट इथे सांगायला हवी.

तो पाडा वर, सागाच्या जंगलात. पावरा लोकांची तीसेक घरं. तिथे धनीबाई म्हणेल ते होई. वय साठीच्या आसपास, पाड्यातली निम्मी बाळं तिच्या हातांवर जन्मलेली. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिची सून रुपली बाळंत झाली. नाळ विळ्याने कापली, वर राख लावली, नेहमीसारखी. आठव्या दिवशी बाळाचा जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं वाकलं, आणि संपलं. कमलबाई दोन महिन्यांनी सुई घेऊन वर गेल्या तेव्हा बायकांनी दारं लावून घेतली. मेलेल्या बाळाच्या घरी सुई घेऊन येणारी बाई त्यांना शुभ वाटणार नव्हतीच.

मग जीवरामभाऊ स्वतः गेले. भर मे महिन्यात, डोक्यावर ओला टॉवेल, खांद्याला निळी पेटी. धनीबाईच्या अंगणात बसून त्यांनी धनुर्वात कशाने होतो ते सांगितलं. तिचे डोळे पेटीवर होते. भाऊंनी पेटी उघडली, डब्यांच्या फटीत आणखी थंडी हवी म्हणून कोंबलेला बर्फाचा तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. सागाची पानं भाजून निघत होती त्या उन्हात धनीबाईने तो तुकडा मुठीत धरला, सुनेच्या कपाळाला लावला, नातवंडांना चाटायला दिला. बाहेरच्या माणसांशी ती अहिराणीत बोले. म्हणाली, "इतला उन्हमा तू हाऊ इथलोंग आना. पाणी व्हऊ दिधा नही. मंग तुना शब्दबी पाणी व्हवाव नही."

त्या दिवसापासून पाडा त्यांना बरफबाबा म्हणू लागला, आणि सुई घेऊ लागला. दर वेळी आधी धनीबाईच्या हातात बर्फ, मग पुढचं काम. त्र्याण्णव साली रुपलीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा धनीबाईने स्वतःच निरोप धाडला. मे आणि जून, धनुर्वाताच्या दोन्ही मात्रा रुपलीला वेळेवर टोचल्या गेल्या. बाळ नवरात्राच्या सुमाराला येणार होतं.

त्याच जूनमध्ये अभिमन सोनवणे सागपाणीला आले.

हे जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मूळचे धुळे जिल्ह्यातले, शिरपूरकडचे. सात वर्षांपासून पीएच.डी. करत होते. मुदत संपलेल्या लसीच्या कुप्या ते दवाखान्या-दवाखान्यांतून मागून नेत, म्हणून त्यांना सगळीकडे 'भंगार सर' म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं. ते दवाखान्याच्या दारात उभे राहून स्वतःच म्हणत, "आहे का काही भंगार?"

चहा पिताना त्यांनी आपलं काम समजावून सांगितलं. घर दवाखान्याला लागूनच, त्यामुळे यशोदाबाईही कांदा चिरता चिरता ऐकत होती.

"धनुर्वाताच्या लसीत असतं एक प्रथिन," अभिमन म्हणाले. "म्हणजे तेच विष, पण दात पाडलेलं. प्रथिन म्हणजे कसं, लांबलचक कापड समजा. ते नुसतं नसतं, त्याचा ठरावीक फेटा बांधलेला असतो. आपल्या अंगातले पहारेकरी त्या फेट्यावरून माणूस ओळखतात. उद्या खरं विष आलं की म्हणतात, अरे, हा तोच फेटा, धरा याला! फेटा सुटला की मग नुसतं कापड. त्याला कोण ओळखणार?"

"आणि ते पांढरं काय असतं बाटलीत, ताकासारखं?" यशोदाबाईने विचारलं.

"वहिनी, ती खरी गंमत! ती तुरटीची चुलत बहीण. ॲल्युमिनियमचा क्षार. प्रथिन एकटं गेलं तर पहारेकरी ढुंकून बघत नाहीत. या क्षाराच्या कणांना ते चिकटवलं की कण ते धरून ठेवतात आणि वर गोंगाट करतात. वाजंत्रीशिवाय वरात निघाली तर गाव दार उघडतं का? तसं. आता माझा प्रश्न असा, की कणाला चिकटल्यावर प्रथिनाचा फेटा नीट राहतो की सुटतो?"

"मग बघा की सोडवून," यशोदाबाई म्हणाली.

"इथंच तर सगळे चुकतात!" अभिमन उठून उभे राहिले. "आधी प्रथिन कणावरून सोडवतात आणि मग तपासतात. म्हणजे सून सासरी कशी नांदते ते बघायचं, आणि त्यासाठी तिला माहेरी आणून विचारायचं! मला ती सासरीच बघायची आहे. पण द्रव पांढरा पडतो, उजेड आरपार जात नाही. म्हणून मी उजेड समोरून तिरका टाकतो आणि समोरूनच प्रथिन कसं चमकतं ते पाहतो. घडी बदलली की चमक बदलते. त्या मशीनसाठी मुंबईला जावं लागतं. महिन्यातून दोन दिवस मिळतं, त्यातला एक दिवस ते बंद असतं."

यशोदाबाई म्हणाली, "सात वर्षं सूनच बघून राह्यले काय? मुलगी बघितली असती तर लग्न उरकलं असतं."

अभिमनना आता एक नमुना हवा होता. जिल्ह्यात सगळ्यात उत्तम सांभाळलेला. बाकीचे नमुने त्याच्याशी ताडून पाहायचे होते. "आणि भाऊ, सगळे तुमचंच नाव सांगतात."

जीवरामभाऊंनी भिंतीवरच्या ढालीकडे पाहिलं नाही, पण ती सरांना दिसेल असे बाजूला सरकले. धनुर्वाताच्या सहा कुप्या, मेमध्ये आलेल्या, ज्यातून रुपलीलाही टोचलं होतं त्याच खोक्यातल्या, त्यांनी नीट वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. वर बर्फ घालू लागले तर अभिमन म्हणाले, "नको, गार पाणी बास." भाऊंना वाईट वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि बर्फाला नको म्हणतो.

ऑगस्टच्या मध्यावर अभिमन परत आले. चेहरा असा, जणू मुलगी पसंत नसल्याचा निरोप त्यांच्याच गळ्यात पडला होता. जळगावहून त्यांनी एक लहान थर्मास आणला होता.

"भाऊ, बसा जरा." आणि मग शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. "बठ्ठा नमुना बिघडेल शेतस."

"सगळे नमुने बिघडले? कुणाचे?"

"तुमचे."

जीवरामभाऊ हसले. "सर, तुमचं मशीन बिघडलंय. परत मुंबईला जा."

"मलाही तसंच वाटलं. दोनदा जाऊन आलो. तिकडे एका दवाखान्यात फ्रिज आठवडाभर बंद होता, तिथली मुदत संपलेली बाटली तुमच्यापेक्षा बरी निघाली."

हे ऐकून भाऊ लाल झाले. बोलले असते, पण अभिमन भांडायला आलेच नव्हते. त्यांनी थर्मासमधून जळगावहून नीट आणलेली एक कुपी काढली. भाऊंच्या फ्रिजच्या तळातून दुसरी. कुपी कडक होती. ती हातात धरून पातळ होऊ दिली. मग दोन्ही एकदम हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"आता पंधरा मिनिटं नुसतं बघायचं."

यशोदाबाईने चहा आणला. कुणी प्यायला नाही. जळगावची कुपी पातळ ताकासारखी पांढरी राहिली. जीवरामभाऊंच्या कुपीत मात्र वरून पाणी निवळत गेलं. पांढरं सगळं खाली बसलं, त्यात फाटलेल्या दुधासारखे कण. भाऊंनी दुसरी कुपी काढली, तिसरी, सहावी. सगळ्यांनी तेच केलं.

"पाणी गोठलं की कण एकमेकांवर चेपले जातात," अभिमन हळू आवाजात म्हणाले. "गोळे होतात. प्रथिन मधे चिरडतं. परत पातळ केलं तरी ते पहिल्यासारखं होत नाही. थर्मामीटर जरा खाली ठेवता? जिथे बाटल्या ठेवता तिथे?"

अर्ध्या तासाने भाऊंनी थर्मामीटर तळातून काढला. उणे तीन. त्यांनी काच पुसून पुन्हा पाहिलं.

यशोदाबाई दारात उभी होती. ती एरवी टोमणा मारायची संधी सोडत नसे. या वेळी ती टोमण्यासारखं नाही, नवल वाटल्यासारखं बोलली. "अहो, डिसेंबरात केळीले थंडीचा चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड काळे पडतात. आबा शेकोट्या करत रात्रभर. सावद्याच्या बारक्या पोराले कळतं हे. तुमाले काहून नही आठवलं?"

खरंच आठवलं नव्हतं. सगळा जन्म उन्हापासून पळण्यात गेला. थंडीही मारू शकते हे जीवरामभाऊ केव्हाच विसरून गेले होते.

अभिमन जाताना म्हणाले, "मी माझ्या प्रबंधात नाव लिहिणार नाही. नमुना क्रमांक सात. बस." रजिस्टर स्वच्छ होतं. ढाल भिंतीवर होती. नवे मेडिकल ऑफिसर अजून रुजू व्हायचे होते. कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं.

दोन दिवस जीवरामभाऊ नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कमलबाईंनी रस्ता काढला. त्या अनुभवी होत्या. "भाऊ, जिथे जिथे गोठलेली लस टोचलीय तिथे पुन्हा टोचू. लिस्ट माझ्याकडे आहे. पण सांगायचं कशाला? सरकारचा नवीन डोस आलाय म्हणायचं. चारोळीपाड्यावर तर मुळीच सांगू नका. एकदा म्हातारीचा विश्वास गेला की दार बंद. मग नवरात्रात रुपलीच्या बाळाचं काय?"

भाऊंना त्यात चूक दिसली नाही. सांगितलं आणि धनीबाईने हाकललं, तर बाळाला काहीच मिळणार नाही. न सांगता टोचलं, तर मिळेल. आज टोचलं आणि महिन्याने पुन्हा टोचलं तर नवरात्राच्या आत दोन्ही मात्रा बसत होत्या. हिशोब स्पष्ट होता. "ठीक आहे," ते म्हणाले, "नवीन डोस."

स्वयंपाकघरातून कांद्याची टोपली परत आली. कांदे फरशीवर पसरले. जिल्ह्याहून मागवलेल्या नव्या कुप्या टोपलीत उंचावर ठेवल्या गेल्या. पाड्यावर निघायच्या दिवशी भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फाचे डबे काढून टेबलावर ठेवले आणि वितळायची वाट पाहिली. हे पाहणं त्यांना फार अवघड गेलं. डब्यांना घाम फुटला, भाऊंना त्याआधीच फुटला होता. शेवटी हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, तेव्हा पेटी भरली. सवयीने एक खराब कुपीही खिशात गेली. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पाड्यावर धनीबाई अंगणातच होती. रुपली ओटीवर बसली होती, पोट चांगलं वर आलेलं. भाऊंनी म्हटलं, "धनीबाई, सरकारनं नवीन डोस—"

तिने नेहमीसारखा तळहात पुढे केला. आधी बर्फ.

भाऊ गडबडले. पेटीत सुटा तुकडा नव्हता. धनीबाईने स्वतःच पेटी ओढली, उघडली, एक डबा उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं.

"बरफबाबा," ती म्हणाली, "पाणी व्हई गया?"

कमलबाईंनी भाऊंकडे पाहिलं, डोळ्यांनी सांगितलं, काहीतरी बोला, ऊन जास्त होतं म्हणा, वाट लांबली म्हणा. रुपलीही पाहत होती. दोन वर्षांपूर्वी याच अंगणात धनीबाई काय म्हणाली होती ते भाऊंना आठवलं. पाणी होऊ दिलं नाहीस, मग तुझा शब्दही पाणी होणार नाही. आणि आज पहिल्यांदा पेटी बरोबर भरली होती, तर तिला ती खोटी वाटत होती.

जीवरामभाऊ जमिनीवर बसले. खुर्ची असती तरी जमिनीवरच बसले असते.

"धनीबाई, आजचं पाणी बरोबर आहे. तेव्हाचा बर्फ चुकीचा होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लस कशी गोठली, सुनेला टोचली ती कशी मेलेली होती, आपल्याला ते कसं कळलं नाही, आणि आज 'नवीन डोस' म्हणून खोटं बोलायला कसे निघालो होतो. तेही सांगितलं. कमलबाईंनी मान दुसरीकडे फिरवली.

धनीबाईने हातातला डबा पेटीत परत ठेवला. मग म्हणाली, "मागे मरनं ते मना विळाघाई मरनं. आते मरतं तं तुना बरफघाई मरतं."

"हो," जीवरामभाऊ म्हणाले. "ते विळ्याने गेलं, हे माझ्या बर्फाने गेलं असतं."

"आनि हाई आजनं चांगलं शे, हाई कसावरथुन?"

भाऊंनी खिशातली कुपी काढली, पेटीतली काढली. दोन्ही हलवायला निघाले, तर धनीबाईने त्या त्यांच्या हातातून घेतल्या. स्वतः हलवल्या, एका हातात एक, कुणी फसवू नये म्हणून डोळ्यांपुढे धरून. मग पाटावर उभ्या केल्या आणि समोर मांडी घालून बसली. पाडा गोळा झाला. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. एका कुपीत पांढरं खाली बसत गेलं, वर पाणी निवळलं. दुसरी तशीच राहिली.

खराब कुपी धनीबाईने नाकाशी नेली, पुन्हा हलवली, पुन्हा बसू दिली. तिची खात्री पटायला आणखी पंधरा मिनिटं गेली. कमलबाईंचे पाय आखडले होते.

"हाई मले पहिलेच काब्र नही दखाडं?" ती शेवटी म्हणाली.

"आधी दाखवायला मलाच माहीत नव्हतं, धनीबाई."

"मंग आपन दोन्ही सारखाच." तिने रुपलीला जवळ ओढलं, दंड उघडा केला. "टोच." आणि कमलबाई सुई भरू लागल्या तेव्हा तिने खराब कुपी पदराच्या गाठीत बांधली. "हाई मनापान राहू दे."

महिन्याने दुसरी मात्रा झाली, तीही पाटावर पंधरा मिनिटं बसून. नाळेसाठी कमलबाईंनी उकळलेलं ब्लेड आणि दोरा आधीच ठेवून दिला. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला रुपलीला मुलगी झाली. जीवरामभाऊ आठव्या दिवशी सकाळी एकटे डोंगर चढून गेले. काम काही नव्हतं, पेटीही नव्हती. अंगणात बसून राहिले. आतून बाळाचा रडण्याचा आवाज आला, मग दूध पिताना येतो तो आवाज. ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. धनीबाईने त्यांना भाकरी दिली, आणि आज का आलास असं काही विचारलं नाही. दिवस तिलाही माहीत होता.

गोठलेली लस जिथे जिथे टोचली होती तिथे सगळीकडे जाऊन जीवरामभाऊंनी तीच कबुली दिली. दोन ठिकाणी शिव्या मिळाल्या, एका ठिकाणी दार लागलं, ते तिसऱ्या खेपेला उघडलं. वरच्या कार्यालयाला पत्र लिहून त्यांनी ढाल परत घ्या म्हटलं. कार्यालय गोंधळात पडलं. ढाल मागणारे बरेच अर्ज आले होते, परत करणारा हा पहिलाच. त्यासाठी फाइल नव्हती. सहा महिने ढाल त्यांच्या घरात लसणाच्या टोपलीशेजारी पडून राहिली, तेवढ्यात एक मेमो आला, एक चौकशी आली, आणि चौकशीला आलेल्या साहेबांनी हलवून बघायची ती पद्धत शिकून घेतली आणि मेमो तसाच राहिला.

अभिमन सोनवणे पंचाण्णव साली डॉक्टर झाले. प्रबंधात नमुना क्रमांक सातचा आलेख सगळ्यात वेगळा आहे. बाकीच्या रेषा एकत्र चालतात, ही एकटीच खाली जाते. आभाराच्या पानावर, मार्गदर्शकांच्या आणि बायकोच्या मधोमध, 'श्री. जीवराम फेगडे, सागपाणी' असं लिहिलंय. यशोदाबाईने ते पान दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "झालं एकदाचं त्या सुनेचं."

पुढे काही वर्षांनी कमलबाईंची बदली झाली. नवी नर्स आली, शिकलेली, घाईची. पहिल्यांदा चारोळीपाड्यावर जाऊन दुपारी परतली ती घामाघूम आणि संतापून.

"भाऊ, तिथे एक म्हातारी आहे! माझी बाटली काढून घेतली, पदरातनं कुठली तरी जुनी बाटली काढली, दोन्ही हलवल्या आणि मला पाटापुढे बसवून ठेवलं. सुईला हात लावू देईना. वर एक लहान मुलगी माझ्या पेटीतला डबा कानाशी धरून हलवत होती. हा काय प्रकार आहे?"

जीवरामभाऊ फ्रिजचं झाकण लावत होते. थर्मामीटर आता टोपलीत, कुप्यांच्या शेजारीच असे.

"त्या मुलीच्या कानाशी पाणी वाजलं का?" त्यांनी विचारलं.

"वाजलं."

"मग टोचू दिलं ना?"

"दिलं. पंधरा मिनिटांनी."

"तिला घाई करायची नाही," जीवरामभाऊ म्हणाले, आणि रजिस्टर उघडून पाच लिहिलं.